भावजींची बल्बची फळी

आमच्या भावजींचा देवावर विश्वास आहे, शेजाऱ्यांवर आहे, अगदी रिक्षावाल्यांवरसुद्धा आहे, पण भरलेल्या बॅटरीवर? ती साक्षात ब्रह्मदेवाने भरून दिली तरी नाही! भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. सगळी नोकरी वीज उपकेंद्राच्या बॅटरीखोलीत गेली. तिथे बाहेरची वीज गेली की सगळी भिस्त त्या बॅटऱ्यांवर, आणि बॅटऱ्यांची भावजींवर. निवृत्त झाले तरी खिशात पेनाऐवजी मीटर. आमच्या नातीच्या साखरपुड्यात हॉलच्या जनरेटरमागे जाऊन बसले होते, फोटोत एकदाही दिसत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं. मशीन विजेवर चालतं, आणि आमच्या मानपाड्याच्या विजेचं काय सांगावं! म्हणून इन्व्हर्टर आणि दोन मोठ्या बॅटऱ्या घेतल्या. दुकानाचा माणूस आला, मीटर लावलं, म्हणाला, "एक नंबर, आजी. फुल्ल आहे."

भावजी कळव्याहून स्कूटरवर आले ते एक लाकडी फळी घेऊन. फळीवर चार जुने पिवळे बल्ब. ह्यांना तासाभरासाठी ऑक्सिजनच्या सिलेंडरवर ठेवलं, मशीनच्या जागी फळी जोडली, मेन स्विच पाडला आणि स्टूल घेऊन समोर बसले. भर दुपारी घरात देवदिवाळी!

"अहो भावजी, तो मुलगा फुल्ल म्हणाला ना!"

"वहिनी, बसल्या जागी आकडा सगळ्यांचाच चांगला येतो. वजन टाकलं की खरं कळतं."

पाऊण तासात इन्व्हर्टर टीं-टीं करू लागला आणि बल्ब गपकन विझले. दोनातली एक बॅटरी नवी असून पोकळ निघाली. त्या फळीच्या जागी हे असते तर? दुकानवाला बदलून देईना, तर भावजी फळी घेऊन त्याच्याच दुकानात ठाण मांडून बसले. संध्याकाळी नवी बॅटरी घेऊनच उठले.

तेव्हापासून दर गुरुवारी भावजी येणार, बॅटऱ्यांचं पाणी बघणार, टोकांना व्हॅसलीन चोपडणार, फळी पेटवणार. ताप असो, लग्न असो. एकदा सकाळी वीज गेली ती चार तास आली नाही. मशीन आपलं घुर्रघुर्र चालू, आणि हे चक्क घोरत होते.

गेल्या महिन्यात लिफ्ट बंद होती. भावजी फळी घेऊन तीन जिने चढले आणि दारातच भिंतीला टेकले. ओठ निळसर. पाणी दिलं, तर पाच मिनिटांनी हसून म्हणतात, "काही नाही हो, एकदम मस्त आहे."

"बसल्या जागी आहात मस्त," मी म्हटलं. "चला डॉक्टरकडे."

"आधी रीडिंग तर—"

"बॅटरी थांबेल. तुम्ही बंद पडलात तर ह्यांच्या मशीनकडे कोण बघणार?"

डॉक्टरांनी तपासून दोन दिवसांनी फिरत्या पट्ट्यावर चालायच्या हृदयाच्या तपासणीला बोलावलं. छातीला वायरी चिकटवून, पट्ट्यावर चालवत, हळूहळू वेग वाढवायचा. भावजींचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे वजन टाकूनच बघणार! बरोबर आहे. असंच बघायचं असतं." त्या दिवशी आत जाताना मीटरची पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाले, "वहिनी, किती मिनिटं टिकतो ते बघा हं."

दार लागलं. आत पट्टा फिरायला लागल्याचा आवाज आला. मी पिशवी मांडीवर घेतली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले.