दुखानला वाचलेलं एक पान

मेईने "शुक्रवारी दुखानला येतेस का?" असं विचारलं, तेव्हा मला आधी समुद्रच आठवला. दोह्यात अकरा वर्षं काढून कतारच्या पश्चिम किनाऱ्याला आम्ही जेमतेम दोनदा गेलोय. पण तिला समुद्रावर जायचं नव्हतं. दुखानच्या तेल कंपनीच्या टाउनशिपमध्ये चिनी बायकांचं एक छोटं वाचनमंडळ आहे, तिथे मला न्यायचं होतं.

मेई दोह्याच्या अल मुंतझा भागात आमच्याच इमारतीत राहते. तिचा नवरा 'हमद पोर्ट' या बंदरावर क्रेनचा इंजिनिअर. लिफ्टमध्ये ओळख झाली, मग तिच्याकडचे डम्पलिंग आणि माझ्याकडच्या थालीपिठाची देवाणघेवाण सुरू झाली. आम्ही बोलतो इंग्रजीत. दोघींचंही ते शाळेत शिकलेलं, त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही.

"एकच अट आहे," ती म्हणाली. "स्वतःच्या आयुष्यात घडलेल्या एका गोष्टीबद्दल एक पान लिहून आणायचं. आपापल्या भाषेत वाचायचं, मग इंग्रजीत सांगायचं."

ब्लॉग लिहिणारीला एका पानाचं काय, असं वाटलं मला. चार दिवस एक ओळ सुचली नाही. रस्ता, खाणं, पार्किंग यावर मी पानंच्या पानं लिहिते. स्वतःवर लिहायचं म्हटलं की पेन थबकत होतं. शेवटी गुरुवारी दुपारी एका दमात लिहून टाकलं आणि परत न वाचताच घडी करून पर्समध्ये ठेवलं.

शुक्रवारी सकाळी आठला निघालो. मेईची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी, मागे माझी सोळा वर्षांची लेक ईशा. तिला पुस्तकांशी घेणंदेणं नव्हतं, झिकरीतच्या वाळवंटात फोटो काढायचे होते. नितीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, घरीच झोपणं पसंत केलं.

दुखान हायवे सरळसोट आणि रुंद आहे. न थांबता गेलात तर तासाभराचा रस्ता. आम्ही शहानियाला थांबलो. तिथे शर्यतीच्या उंटांचा सराव चालतो. सकाळच्या गार हवेत झूल घातलेले उंट एका रांगेत चाललेले बघणं फार छान. टपरीवरचा करक घेतला, म्हणजे आपला वेलची घातलेला कडक चहा, रियाल-दोन रियालमध्ये. गाडीतूनच हॉर्न द्यायचा, मल्याळी पोरं धावत आणून देतात. जाणाऱ्यांसाठी सांगते: पाणी, खाऊ, पेट्रोल सगळं इथेच घ्या. पुढे दोन्ही बाजूंना नुसतं माळरान आहे.

टाउनशिपच्या फाटकावर आमची ओळखपत्रं पाहिली. यजमानांनी नावं आधीच कळवली होती. आत एकसारखी बैठी घरं, बोगनवेली, सायकली. मंडळ चालवणाऱ्या शू मॅडम दारातच उभ्या होत्या. साठी ओलांडलेल्या, केस बारीक कापलेले. नवरा भूगर्भशास्त्रज्ञ, त्या स्वतः पूर्वी चीनमध्ये कॉलेजात आधुनिक साहित्य शिकवत. मी नेलेल्या तिळाच्या वड्या त्यांनी तिथल्या तिथे चाखल्या आणि डबा स्वतःच्या खुर्चीशेजारी ठेवून घेतला.

आम्ही धरून आठ जणी. आधी शू मॅडमनी एका आजच्या लेखिकेची गोष्ट चिनीत वाचली, मेई माझ्या कानाशी सांगत होती. कारखान्यात काम करणारी एक बाई दर महिन्याला आईला पत्र लिहिते, सगळं ठीक आहे म्हणून. एका महिन्यात ती खरं पत्र लिहिते. गोष्ट एवढीच.

मग शू मॅडम माझ्यासाठी इंग्रजीत बोलल्या. "शंभर वर्षांपूर्वी आमच्याकडचे तरुण लेखक बोलीभाषेत स्वतःच्या मनातलं लिहू लागले. रोजनिशीसारखं, पत्रांसारखं. लोकांना धक्काच बसला. पुढे बराच काळ असा आला की गोष्ट सगळ्यांची असायला हवी, एकट्याची नको. त्यानंतर पुन्हा लेखक, विशेषतः बायका, स्वतःकडे वळले. आपलं स्वयंपाकघर, आपलं शरीर, आपला राग. लोक म्हणाले, ह्या स्वार्थी आहेत. मी वर्गात सांगायचे, आधी लिहिलं, म्हणून त्यांना कळलं की आपल्याला काय वाटतंय."

मेईने वाचलं, आणखी दोघींनी वाचलं. मग माझी पाळी.

माझ्या पानावर नाशिकच्या कॉलेजातली प्रयोगशाळा होती. तिथे मी नऊ वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. नितीनला कतारची नोकरी लागली, सगळ्यांनी अभिनंदन केलं, पेढे मीच वाटले. शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली शिपाईमामांच्या हातात द्यायची होती, तर माझी मूठच उघडेना. 'मला यायचं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं असतं तरी मी आनंदाने जातेय असंच म्हटलं असतं. त्या दिवसापासून एक चुटपुट आहे, ती जात नाही.'

मराठीत वाचून झालं. आता इंग्रजीत सांगायचं, तर मी कागदाची घडीच घालायला लागले. खोलीत ते पान समजलेली एकच व्यक्ती होती, आणि ती माझ्यासमोर जमिनीवर बसून माझ्याकडे टक लावून पाहत होती. घरी आम्ही मराठी बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. पण समजतं सगळं.

"आय विल डू इट," ईशा म्हणाली. उठून माझ्याजवळ बसली आणि सांगू लागली, "ती एका कॉलेजात शिकवायची…"

शू मॅडमनी हळूच अडवलं. "'ती' नको. आईने 'मी' म्हटलंय ना? तूही तसंच म्हण."

ईशाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पहिल्यापासून सुरुवात केली, माझी होऊन. नाशिक, नऊ वर्षं, किल्ली. "आय डिड नॉट वॉन्ट टु कम," ती म्हणाली. पुढे तिला शब्द अडला. "आई, चुटपुट म्हणजे?"

"म्हणजे… काहीतरी राहून गेलं की मनात सारखं टोचत राहतं ना, ते."

तिने तसं सांगितल्यावर सगळ्या चिनी बायका एकदम म्हणाल्या, "यिहान!" त्यांच्याकडे अगदी यासाठीच शब्द आहे म्हणे. मग यिहान आणि चुटपुट यांत जास्त टोचणारं कोणतं, यावर पाच मिनिटं वाद झाला. मी डोळे पुसून घेतले. जेवायला कोबी-मशरूमचे डम्पलिंग होते. मी अकरा खाल्ले.

परतताना झिकरीतला वळलो. हा कच्चा रस्ता फोर-व्हील ड्राइव्हशिवाय करू नका आणि जमलं तर दोन गाड्या असू द्या. वाळवंटात एका शिल्पकाराने चार प्रचंड पोलादी पत्रे एका रेषेत उभे केले आहेत. मेई गाडीपाशी थांबली, आम्ही दोघी चालत गेलो. ईशाने एकही फोटो काढला नाही.

"मी पाच वर्षांची होते," ती इंग्रजीत म्हणाली. "तू सांगितलं होतंस, आपण समुद्राजवळ राहायला जाणार म्हणून तुला खूप आनंद झालाय."

"ते खोटं नव्हतं ग."

"मग हे?"

"हेही खरं आहे. दोन्ही."

ती माझ्याजवळ सरकली. मग तिने माझा हात धरला. तिने असा हात धरून किती वर्षं झाली होती!

सहाच्या सुमारास घरी पोचलो. नितीनने खिचडी टाकली होती. ईशाने माझ्या पर्समधून कागद काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. मी घाबरले, पण काढून घेतला नाही. त्याने चष्मा लावून वाचला. मग पुन्हा वाचला.

"अकरा वर्षांत एकदाही बोलली नाहीस."

"तूही विचारलं नाहीस."

"नाही विचारलं," तो म्हणाला. खिचडीखालचा गॅस बंद करून समोर येऊन बसला. "आता विचारतो. परत जायचंय तुला?"

मला वाटलं होतं, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "नाही. इथलं मला आवडतं. पण मला शिकवायचंय."

"मग शिकव ना. अडवलंय कुणी?"

तो चिडून म्हणाला नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. ईशाही हातातला चमचा तसाच धरून माझ्याकडे बघत होती. मी खिचडी वाढायला घेतली. 'अडवलंय कुणी' यावर मी आता दुसरं पान लिहायला घेतलंय. उत्तर 'मीच' असं निघेल अशी धास्ती आहे, म्हणून सावकाश लिहितेय.