चावला. केस दाट.

न्हावीकाका लहान पोरांच्या केसांवर जादू करतात, अशी कुजबुज होती. पहिली बट कापली की ती गुपचूप खिशात जाते, आणि मग ते पोर म्हातारं होईस्तोवर दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही म्हणे! उठवलं कोणी हे? समोरच्या सलूनवाल्याने, दुसरं कोण! त्याच्या जिभेला हाड नाही आणि खुर्चीला गिऱ्हाईक नाही.

काका आधी हसण्यावारी न्यायचे. पण पोरांना उंच बसवायला खुर्चीवर आडवी टाकायची ती फळी भिंतीला टेकून धूळ खायला लागली, तेव्हा ते रोज संध्याकाळी गल्ला मोजायला लागले. नुसत्या म्हाताऱ्यांच्या दाढ्यांवर दुकान किती दिवस तगणार?

शेवटी एकदाची शिंपीणबाईंची सून पोराला घेऊन आली. काकांनी फळी पुसली, पोर बसवलं. पहिली बट खिशात गेली आणि तिने आरशात नेमकं पाहिलं. पोराला उचललंच तिने!

"लोक म्हणतात ते खरंच की! काढा ती बाहेर!"

"अगं पोरी, जरा दम धर."

काकांनी ड्रॉवरमधून एक जाडजूड चिकटवही काढली. पानोपानी दोऱ्याने बांधलेल्या बटा आणि खाली काकांचं कोंबडीच्या पायांचं अक्षर. 'झोपला.' 'गोळी दिल्यावर गप्प.' एका पानावर काळीभोर, कुरळी बट. 'शिंपीणबाईंचा धाकटा. चावला. केस दाट.'

"म्हणजे... ह्यांचे?"

तेवढ्यात तिचा नवरा स्कूटर लावून आत आला. वायरमन होता तो. त्याने हेल्मेट काढलं आणि ट्यूबलाइटखाली टक्कल लखकन चमकलं.

"चावला होतात तुम्ही?"

"कोणाला?"

"आणि म्हणे केस दाट!" हसून हसून तिला खुर्ची धरावी लागली.

वायरमन मात्र हसला नाही. त्याने त्या बटेवरून हळूच बोट फिरवलं. "काका, खरंच एवढे होते?"

"कात्री अडकली होती रे माझी."

पोर पुन्हा फळीवर बसलं. खिशातली बट वहीत गेली.

"पण काका, तुम्हाला कशाला हवा हा उद्योग?" तिने विचारलं.

काका पोराच्या कानामागचे केस फुंकत राहिले.

जादू नव्हती. स्वतःच्या मुलीचे पहिले केस काकांनीच कापले होते आणि हाताच्या सवयीने लगेच झाडून कचऱ्यात टाकले होते. बायकोने बट मागितली तेव्हा कचऱ्याची गाडी निघून गेली होती.