नळाला हात लावला की पोरगी किंचाळायची

गिझर घ्यायचा हट्ट माझाच होता. सासूबाई म्हणत होत्या, गॅसवर पातेलं ठेवलं तरी पाणी तापतंच की. पण उकळतं पातेलं घेऊन बाथरूमपर्यंत जायचं, मधेच दोन वर्षांची पोरगी पायात येती, कधीतरी सांडंल तिच्या अंगावर, मला लय भ्या वाटायचं, म्हणून घेतला, गंगापूर रोडच्या दुकानातून, भिंतीला बसवायचा.

बसवला आन चार-पाच दिवसांत पोरगी अंघोळीला रडायला लागली. साधं रडणं नाय, नळाला हात लागला की किंचाळायची आन दाराकडं पळायची. सासूबाई म्हणाल्या, "लाडावून ठेवलीय. एक दे ठेवून, गप बसंल."

मी दिली. एकदा नाय, रोज. दंडाला धरून परत नळापाशी उभी करायची आन वर म्हणायची, "आता रड, बघू किती रडती."

फरशी निसरडी म्हणून माझ्या पायात रबरी स्लीपर असायची, पोरगी अनवाणी. सासूबाई त्यांचं पाणी गॅसवरच तापवायच्या. मालकांची बादली मी आधीच भरून ठेवायची, त्यांना सातपूरला पहिल्या पाळीची घाई. म्हणजे आख्ख्या घरात उघड्या पायानं त्या नळाला हात लावणारी ती एकटीच.

मग एक दिवस माझ्या स्लीपरचा पट्टा तुटला, तशीच आत गेले, नळ फिरवला आन खांद्यापर्यंत असं झणाणलं की तोंडातून आवाजच निघंना. पोरगी दारात उभी होती. रडली नाय. नुसती माझ्याकडं बघत होती, आता हिला कोण मारतंय, असं.

मी तिला तशीच कडेवर घेतली आन दुकान गाठलं. नीट सांगताच येईना, "करंट येतो, नळाला करंट येतो," एवढंच. दुकानदार गिऱ्हाइकांकडं बघून म्हणला, "ताई, करंट येतो म्हणजे मशीन चालू आहे ना! बंद निघाली असती तर तक्रार करायची." सगळे हसले. मग पोरीचा गाल ओढून म्हणला, "ही तर चांगली टुणटुणीत दिसतीय."

दुसऱ्या दिवशी फिटर आला. दारात चपला काढायला वाकला, तर मीच म्हणलं, "असू द्या दादा, आत ओलंय." भल्या माणसाला ओल्यात कशाला अनवाणी पाठवायचं! तो रबरी चपलेवर आत गेला, नळाला पंजा लावला. "कुठंय करंट?" टेस्टर काढलासुदा नाय. कागदावर काहीतरी लिहिलं आन माझी सही घेतली. मालक कामावरून आले, कंपनीच्या बुटासकट आत गेले, हात लावला आन म्हणले, "तुला भास झालाय." सासूबाई तर आठवडाभर जे येईल त्याला सांगायच्या, "आमच्या सूनबाईला मशीन चावतं."

मी पोरीला बाहेरच्या मोरीत गार पाण्यानं धुवायला लागले. शेजारणीची चप्पल घालून नळाला हात लावला, काय नाय. काढून लावला, परत झणाणलं. परत घातली, काय नाय. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण तेवढं कळलं.

मी फोनवर फोन केले, तवा फिटर परत आला, वैतागलेला. मी दारातच म्हणलं, "दादा, चपला काढा."

"मागं तर म्हणल्या, असू द्या."

"आज फरशी पुसलीय."

गिझरचं बटण बाहेरच्या भिंतीला, माझ्या हाताशी. मी ते चालू करून ठेवलेलं. तो अनवाणी आत गेला, पंजा लावला आन "आई गं!" करून दाराच्या कडेला कोपरावर आपटला. नळ उघडाच राहिला, पाणी त्याच्या पायाखाली येत होतं आन तो उठायच्या भ्यानं तिथंच बसलेला.

"बटण बंद करा, ताई!"

मी केलं नाय. म्हणलं, "मोठ्यानं सांगा, लागतोय का. सासूबाईंना ऐकू गेलं पाहिजे."

"लागतोय! लय लागतोय! बंद करा ओ!"

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तवा मी बटण बंद केलं.

त्यानं गिझर उतरवून नेला. जाताना म्हणला, "ताई, माणूस मेला असता." मी म्हणलं, "हो."

दुकानदाराचा फोन आला, की आधी नीट सांगायचं ना. मी फोन ठेवून दिला. भिंतीला चार भोकं राहिलीत.

पोरगी आता अंघोळीला येती. रडत नाय. मी केसाला तेल लावायला नुसती जवळ घेतली, तरी अंग चोरती आन माझ्याआधीच बोलून टाकती, "नाय रडत, आई. नाय रडत."