सोनं म्हणून वाटलेला ओक

शेजारच्या म्हाताऱ्या इंग्रज आजोबांनी मला तीन बिया दिल्या होत्या. मेक्सिकोच्या कोरड्या डोंगरांतल्या, सहसा कुठे न दिसणाऱ्या एका ओकच्या. "मी काही हे झाड मोठं झालेलं बघत नाही," म्हणाले, "तू बघ." तिन्हींतली एकच रुजली. पुढच्याच वर्षी आजोबा गेले. झाड मात्र इंग्लंडमधल्या माझ्या मिल्टन कीन्सच्या घरामागे, पॅटिओवरच्या कुंडीत, हळूहळू कमरेपर्यंत आलं. पानं वरून गर्द हिरवी आणि खालून पांढरी, मऊ लव असलेली. ऑटममध्ये सगळ्यांची झाडं पिवळी पडतात, हे आपलं हिरवंच. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू!

आईच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे पुण्याला जायचं होतं. मी एकटी राहते, म्हणून किल्ली मैत्रिणीकडे दिली. ती म्हणजे या देशातलं माझं माहेरच.

"आठवड्यातून एकदाच पाणी घाल, बाई. कोरड्यातलं झाड आहे, लाड नकोत."

"अगं, पोटच्या पोरासारखं सांभाळते!"

परतले ती नेमकी दसऱ्याला. हीथ्रोला तीच घ्यायला आली. म्हटलं, आधी घरी जाऊ, तोंड तरी धुते. "छे छे, उशीर होईल. थेट हॉलवर, मंडळाच्या दसऱ्याला!" गाडीभर तिची बडबड. मी झाडाचं विचारलं, तर म्हणाली, "मजेत आहे गं," आणि लगेच राउंडअबाउटवरच्या कुणाला तरी शिव्या घालायला लागली.

हॉलच्या दारातच मंडळाच्या काकूंनी माझ्या हातात पान ठेवलं. "सोनं घे, सोन्यासारखी राहा!" इथे आपटा कुठला मिळायला? दरवर्षी आम्ही कार्डबोर्डची पानं कापतो. यंदा खरी पानं, म्हणून सगळे खूश. माझा अंगठा पानाच्या पाठीवर गेला. तीच लव. मी पान उलटून बघितलं, खालून पांढरं.

"हिनं आणली हो!" काकू कौतुकानं मैत्रिणीकडे बघत म्हणाल्या.

मी तिला कोपऱ्यात गाठलं. "किती तोडलीस?"

"अगं, ओकच तर आहे. इथे पैशाला पासरी ओक! येतील परत."

"सगळी तोडलीस?"

ती खाली बघायला लागली. "कमिटीला शब्द दिला होता गं."

"आणि मला दिलेला?"

इतक्यात लोक आलेच. दसऱ्याला कुणाच्या हातचं सोनं नाही म्हणता येत नाही. मी घेत राहिले, मोठ्यांच्या पाया पडत राहिले, पानं पर्समध्ये भरत राहिले. विमानतळावरून घरी का नेलं नाही, तेही एव्हाना कळलं होतं.

निघताना ती हात पसरून समोर उभी. "रागावू नकोस ना. सण आहे आज. मला नाही दिलंस सोनं?"

मी अख्खी पर्स तिच्या ओंजळीत उलटी केली.

"घे," म्हटलं. "आता माझी किल्ली दे."