रंकाळ्याची बंदी आणि आमची चांदणी

आणि म्हणे मी सरकारच्या बाजूचा! फोनवर वडिलांचं, आबांचं, हे पालुपद वर्षभर ऐकतोय. मी हैदराबादकडं तलावातला गाळ काढायच्या सरकारी कामावर पोकलेन चालवतो. इकडं कोल्हापुरात रंकाळा तलाव वाचवायचा म्हणून म्हशी पाण्यात सोडायला बंदी झाली, तर तो गुन्हाही माझाच! "चारी म्हशी विकतो, मग बस तुझ्या तळ्याला कवटाळून," म्हणाले. म्हशी गेल्या तर आबांचं काय उरलं? हे फोनवर मिटणारं नव्हतं. बॅग भरली.

हैदराबादहून रात्रीची स्लीपर धरा, सोलापूर-सांगली करत सकाळी कोल्हापूर. हजार-बाराशे पडतात. उतरलं की आधी मिसळ, वरचा तिखट कट मागून घ्यायचा, लाजायचं नाही. मग गल्लीतल्या दूध कट्ट्यावर जा. तुमच्यासमोर म्हशीची धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. आबांचं सगळं गिऱ्हाईक तिथलंच.

दुसऱ्या दिवशी आबांबरोबर म्हशी घेऊन निघालो. धुवायला आता पलीकडं वेगळी जागा केलीय, नळ, फरशी, सगळं. पण आबांनी सवयीनं जुनीच वाट धरली. चांदणी पुढं, बाकीच्या तिघी तिच्या मागं. वळण आलं, चांदणी काही वळली नाही. सरळ घाट उतरून पाण्यात! तिघीही मागोमाग.

घाटावरच्या राखणदारानं बंदीच्या पाटीकडं बोट दाखवत शिट्टी फुंकली. "ओ पावणं! म्हशी काढा भाईर, दंड पडंल!"

"तिला पाटी वाचता येत न्हाय," आबा गरजले. "तू वाचून दाखीव की!"

फिरायला आलेली माणसं हसली. राखणदारही हसला, पण हटला नाही. शेवटी मीच पँट दुमडून उतरलो. गुडघाभर गाळ, आणि तिकडं कामावर रोज नाकात जातो तोच सांडपाण्याचा वास. चांदणी मात्र डोळे मिटून सुखात. कशीबशी ओढून काढली.

"ह्यो शेणाचा वास हाय व्हय रं?" आबा म्हणाले. "नाल्याचं पाणी सोडणारं मोकळं, आणि बंदी आमाला!"

"नालं बी वळवाय लागल्यात की, आबा. पर म्हशी बी नकोत. तिकडं आदीच्या तळ्याचा काठ मोकळा ठेवला तवा पाणी सुधारलं."

पलीकडच्या नळावर नेऊन आबा चांदणीच्या पाठीवर पाणी मारत राहिले. मग हळू म्हणाले, "नळाखाली म्हस धुतली जाती. पर तिला डुंबाय लागतं लेका. न्हाईतर ती दूध चोरती, पुरतं सोडत न्हाय."

नळ बसवणाऱ्यांना म्हैस डुंबते हे सुचलंच नव्हतं, आणि मलाही नाही.

"गोठ्यामागं जागा हाय," मी म्हणालो. "हौद बांधू."

"सरकारी पैशानं?"

"माझ्या पगारानं."

"मग बांध. चांदणी उतरली तर म्हशी ऱ्हातील. न्हाय उतरली तर बाजार."

संध्याकाळी एकटाच रंकाळ्यावर गेलो. भेळ तिखटच घ्या. सूर्य बुडताना पाण्याकडं बघितलं की बंदी बरोबर वाटते. तुम्हीही जाल तेव्हा प्लॅस्टिक खिशात ठेवून परत आणा.

आता कामावर आलोय. पोकलेनच्या बादलीत गाळ येतो तेव्हा काठाकडं नजर जाते. इथंही म्हशी बसतात. साहेबाला विचारलं, ह्या कुठं जाणार? "बघू," म्हणाला. मी रोज विचारणार आहे.

आबांनी हौदासाठी गवंडी ठरवलाय, उतार चांदणीच्या मापाचा करायला सांगितलाय. आज पाठवतोय अठरा हजार रुपये.