चित्रेपेक्षा उजळ

माझी पोरगी ज्येष्ठा नक्षत्रावर झाली आणि भटजी बोलले की ही थोरल्या काकाला जड हाय, झालं, त्या दिवसापासून माझा थोरला दीर पाळण्याला भ्यायला लागला. मिठागरावर मिठाची गोण पाठीवर टाकून बांधावरून धावणारा माणूस, आवाज असा की अर्धं गाव उठेल, आणि पोरगी रडली की कानाला टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात. आमी नक्षत्राची शांत केली, नवऱ्याने पोरीचं तोंड आधी तेलाच्या वाटीत बघितलं मग पोरीत बघितलं, सगळं रीतीने केलं. तरी ह्याची भीती जाईना.

मग आले शाळेचे मास्तर. पनवेलहून सायकलवर यायचे, फार शहाणे. अंगणात चहा पिताना दिराची समजूत घालायला बसले.

"अहो, ज्येष्ठा म्हणजे म्हातारा तारा. लाल, फुगलेला. सूर्याच्या जागी ठेवला तर आपली पृथ्वी त्याच्या पोटात जाईल एवढा. पण वरचं सगळं अंग आपल्या हवेपेक्षा विरळ. कधी फुगतो, कधी आखडतो, तेज कधी चढतं, कधी उतरतं, त्याला धड नेमसुद्धा नाही. तो तुमचं काय वाकडं करणार?"

एवढ्यातल्या दिराने दोनच गोष्टी उचलल्या. "पोटात जाईल म्हनता? आनि तेज चढलं ते कळतं कसं?"

कोणीतरी विचारलं म्हणून मास्तरांना एवढा आनंद झाला की अंधार पडेपर्यंत थांबले आणि दाखवून गेले. वर ती पांढरी, ती चित्रा, तिचं तेज बदलल्यासारखं दिसत नाही. खाली तांबडी, ती ज्येष्ठा. ती चांगली वर चढू द्यायची, खाली असताना मळकी दिसते, आणि मग दोघींची तुलना करायची. मी चुलीपाशी बसून सगळं ऐकलं. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढं कळतं.

मास्तर सायकलवर बसले आणि दिराने जाहीर केलं, "तेज चढलं म्हंजे तिला भूक लागली. ज्येष्ठा तेजात चित्रेच्या वर गेली की पोरगी उरनला जाईल. कायमची."

उरणला माझी नणंद, तिला मूल नाय. तिने आधीच झबली शिवून ठेवली होती. माझा नवरा भावासमोर मान खाली घालून भाकरी मोडत बसला, त्याच्याबद्दल मी काय लिहू.

आता बघायचं कोणी? दीर मान वर करीना. सासूला रातांधळं. नवरा बघतो म्हणाला पण त्याला दोन्ही सारख्याच दिसल्या. राहिले मी. आणि थोरल्या दिराशी सून बोलत नाय, म्हणून तीन हातांवर बसून आमचं बोलणं सासूच्या तोंडून.

"विचार तिला, कशी हाय?"

"कशी हाय गं?"

"चित्रेहून कमी."

"कमी हाय रे."

"नीट बघितलं का विचार."

"तुला एवढी शंका तर तूच मान वर कर ना मेल्या."

"मला नको."

असं रोज, जेवणं झाली की. महिनाभर मी खरं तेच सांगितलं, कारण मला पण भीती, खोटं बोलले आणि तो मेला तर पोरीच्या माथी. मग एका संध्याकाळी ती तांबडी वर चढली आणि मला चित्रेपेक्षा उजळ दिसली. डोळे चोळले, पाळण्याकडे बघितलं, परत वर बघितलं. उजळच.

"विचार तिला."

"कशी हाय गं?"

"कमी," मी बोलले.

पुढचे आठ दिवस तेच, ती उजळ आणि मी कमी म्हणणार. पाचव्या दिवशी दिराने अर्धा फणस एकट्याने खाल्ला आणि संध्याकाळी पोट धरून लोळायला लागला, मेलो मेलो करत, आणि मी पाळण्याच्या दोरीला धरून बसले की मी ह्याला मारला, पोरीने नाय, मी. पहाटेपर्यंत मोजत होते त्याचे श्वास. सकाळी उठला आणि सुकट-भाकरी मागितली. तीन भाकऱ्या खाल्ल्या. मी वाढत होते आणि मला एवढी किळस आली, त्याची, मास्तरांची, भटजींची, आणि रात्रभर बसलेल्या माझी.

नवव्या दिवशी सासूने विचारायच्या आधीच मी बोलले, सरळ त्याच्याशी, लग्नानंतर पहिल्यांदा.

"भाऊजी, आठ दिवस झाले, ती चित्रेच्या वर हाय. मी खोटं सांगितलं. तुमी जिते हाव."

सासूचा हात पानाच्या डब्यावर थांबला. नवरा खोकला. दिराने हळूच, डोक्यावर कोणी गरम पाणी ओतणार असल्यासारखी मान वर केली.

"कुठली ती?"

मी बोटाने दाखवली.

"ती? एवढीशी?"

"तीच."

त्याने चित्रेकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं. "मला तर दोनी सारख्याच वाटतात," तो बोलला आणि चादर ओढून झोपला. पोरगी उठून रडायला लागली तरी टॉवेल काही त्याने कानाला बांधला नाय.

झबली नणंदेने पुढे पाठवली, तोवर ती आखूड झाली होती. आता पोरगी चालते. दीर तिला खांद्यावर घेऊन मिठागरावर जातो आणि वाटेत भेटेल त्याला सांगतो की ते नक्षत्र-बिक्षत्र बायकांचं, आपन कधी मानलं नाय. सासू माझ्याकडे बघते. मी भांडी घासते. पोरगी वर बसून त्याचा टॉवेल ओढत असते.