तिसरा ठोका

सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराचे, बाक सुतारकाकांच्या आजोबांनी केलेले होते. पण चाळीस वर्षं त्यांतला एकही डुगडुगू दिला नाही, तो काकांनी. आता बाक मजबूत होते आणि बसायला माणसं नव्हती. काकांना हे फार सलायचं.

दिवसच तसे होते. चौकात रोज ज्यूंविरुद्ध घोषणा, भिंतींवर काहीबाही लिहिलेलं. सिनेगॉगच्या खिडकीवर एक दगडही येऊन गेला होता. जो तो म्हणे, घरीच प्रार्थना करू, देव काय पत्ता बघून ऐकतो? पण सामूहिक प्रार्थनेला दहा जण लागतात, नऊ चालत नाहीत. सलग तीन शनिवार गाडी आठावर अडली, तेव्हा समाजाचे अध्यक्ष, म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले, त्या आठ जणांना म्हणाले, "येत्या शनिवारीही दहा झाले नाहीत, तर रविवारी दाराला कुलूप. मला काय हौस आहे? पण जोखीम कोणी घ्यायची?"

काका घरी आले ते तोंड पाडून. काकूंनी ताट वाढलं, झाकलं, परत वाढलं. शेवटी काका म्हणाले, "आजोबा दारं ठोकायचे. मीही ठोकतो."

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शब्बाथ लागतो आणि मग फोनला हात लावायचा नसतो. म्हणून पूर्वी एक जण शनिवारी सकाळी घरोघर जाऊन दारावर तीन ठोके द्यायचा, की मंडळी प्रार्थनेला निघायची. तो मान आजोबांचा. त्या दिवशी हत्यारही धरायचं नाही, त्यामुळे हातोडी नाही, हाताची पेरंच.

आणि नेमकं शुक्रवारी दुपारी काकांचं मधलं बोट लाकूड आवळून धरायच्या शिकंज्यात चेंगरलं. काकूंनी पट्टी बांधली आणि म्हणाल्या, "जा आता, ठोका दारं!"

शनिवारी सकाळी काका गेलेच. पहिलं दार अध्यक्षांचं. तिसऱ्या ठोक्याला काकांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. पुढच्या दारापासून त्यांनी सुतारी शहाणपण केलं: दोन ठोक्यांत माणूस जागा होतोय, तर तिसरा कशाला वाया घालवा? कोणी दार उघडेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. ठोक ठोक, की पुढचं दार.

सिनेगॉगमध्ये येऊन ते जेमतेम टेकतायत, तोच शिवणकाम करणारी म्हातारी आत्या धापा टाकत आली. सगळा समाज तिला आत्याच म्हणे. दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट.

"कोण गेलं रे?"

काकांना आत्ता आठवलं. आजोबांनी शंभरदा सांगितलं होतं: तीन ठोके प्रार्थनेचे, दोन ठोके, म्हणजे आपल्यातलं कोणी गेलं. काकांसारखा विसरभोळा दुसरा नसेल, पण बाकीच्यांना बरं सगळं आठवत होतं! फोन करून विचारायची सोय नाही, त्यामुळे जो तो पळत आला. आत आला की आधी सगळ्यांचे चेहरे बघायचा, कोण नाही ते शोधायचा. बेकरीवाला आणि त्याचा बसड्रायव्हर मेहुणा सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघेही दुसराच गेला असं धरून रडत आले आणि दारातच एकमेकांवर आदळले.

"तू आहेस?" बेकरीवाला ओरडला.

"मला काय धाड भरलीय!" म्हणत मेहुण्याने त्याला मिठीच मारली.

बाक भरले. काकांनी पट्टीचं बोट खिशात लपवलं. तेवढ्यात अध्यक्ष सावकाश आले. त्यांना बिचाऱ्यांना तीन ठोके मिळाले होते. सभागृह गच्च आणि सगळे डोळे पुसतायत हे बघून तेही गहिवरले.

"अहो, रडू नका. अजून कुलूप लावलेलं नाही."

"कुलूप?" आत्या उठली. "कसलं कुलूप?"

अध्यक्षांनी सांगितलं. काकांनीही बोट वर करून आपला गुन्हा कबूल केला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण आत्या काही बसेना.

"आम्हाला न विचारता कुलूप लावणार होता?"

"विचारणार कोणाला, आत्या? तुम्ही येत कुठे होता?"

आत्याने पायांतल्या बुटांकडे पाहिलं आणि ती खो खो हसत सुटली. "मग आता आलोय ना! करा सुरू." त्या दिवशीची प्रार्थना रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू गेली असेल. काका मात्र आनंदाने बाकावर हात फिरवत बसले होते.

पुढच्या शनिवारी बोटाची सूज उतरली होती. आत्याच्या दारावर दुसरा ठोका पडतो न पडतो, तोच तिने दार उघडलं. ती तयारच होती.

"आत्या, दार लाव. एक राहिलाय."

तिने निमूट दार लावलं आणि आत उभी राहिली. काकांनी तिसरा ठोका दिला.

"सगळे आहेत ना रे?" आतून आवाज आला.

"आहेत, आत्या," काका म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले.